येर्झाबाच्या खुंटावरचं कलम

अपोलेनाच्या हातात कुणी रोप ठेवलं, की ती आधी रोपाकडे बघत नसे, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघे. मग एप्रनच्या खिशातलं भिंग काढून फांदीच्या टोकाचा डोळा, म्हणजे मिटलेला कोंब, न्याहाळी आणि विचारी, "कुणी विकलं हे तुला?" तिच्या त्या आवाजानेच समोरच्याला कळून चुकायचं, की आपण फसलो.

हाब्रोवा गावात शरदात ओस्केरुशा या फळाचा मेळा भरतो. शाळेच्या सभागृहात लांब टेबलं मांडतात. त्यांवर बशा, बशांत मोठ्या बोरांएवढी, छोट्या नासपतीसारखी फळं. ताजी खाल्ली तर जीभ टाळूला चिकटते. पेंढ्यात अढी घालून तपकिरी, मऊ पडू दिली, की मात्र मधासारखी लागतात. शेजारी कोलाच, गोड सारणाचे पाव, शेजारी दारूच्या बाटल्या, आणि दाराजवळच्या कोपऱ्यात अपोलेनाचं टेबल. जन्मभर सरकारी रोपवाटिकेत काम केलेली, आता निवृत्त झालेली, नवरा वारलेली बाई. लोक तिच्याकडे फांद्या घेऊन येत आणि ती सांगे, ही ओस्केरुशा, हे तिचे नुसते भाऊबंद, येर्झाब किंवा मुक.

"मावशी, बघा की. बाजारातून ओस्केरुशा म्हणून घेतली," त्या दिवशी एक तरणा गडी म्हणाला.

अपोलेनाने फांदी उलटीसुलटी केली. "पान बघून घेतलीस ना?"

"हो. पिसासारखं पान. आमच्या आज्याच्या झाडाचं अगदी तस्सं."

"पान दोघांचंही तस्संच असतं रे राजा. म्हणून तर विकणाऱ्याचं फावतं. डोळ्यावर बोट फिरव. लव लागते? मांजराच्या कानासारखी? हा येर्झाब. लाल मण्यांचे घोस येतील, पाखरं खुश होतील. ओस्केरुशेचा डोळा हिरवट, टकला आणि चिकट असतो."

"आणि हे?" त्याने दुसरं पान पुढे केलं. वरून हिरवं, पाठीमागून पीठ फासल्यासारखं पांढरं.

"हे मुक. हे तरी तुला कुणी ओस्केरुशा म्हणून विकलेलं नाही ना?"

त्याने पान खिशात कोंबलं. अपोलेनाने कपाळाला हात लावला. "बाजारात जाताना आता बायकोला बरोबर नेत जा."

लोक हसले. अपोलेना हसली नाही. लोक फसवतात ही तिच्या लेखी हसण्याची गोष्ट नव्हती.

दुपारी ती बशांवरून नजर फिरवायला उठली. कुठल्या झाडाची फळं सफरचंदासारखी गोल, कुठल्याची लांबट. प्रत्येक झाडाचा चेहरा वेगळा, आणि गावातले सगळे चेहरे तिच्या ओळखीचे. खिडकीजवळच्या शेवटच्या बशीपाशी तिचे पाय थांबले.

फळं नासपतीच्या घाटाची होती. मान एका अंगाला कललेली. एका गालावर लाली, दुसरा गाल पिवळा. तिने एक मऊ फळ उचलून तोंडात टाकलं. गोडव्याच्या मागून लवंगेसारखी एक झाक आली. तिने डोळे मिटले नाहीत. उलट आजूबाजूला बघितलं, कुणी आपल्याकडे बघतंय का ते.

हे फळ तिच्या बापाच्या झाडाचं होतं. आणि ते झाड ती लहान असतानाच तोडलेलं होतं.

"कुणाची बशी ही?" तिने मेळ्याचं काम बघणाऱ्या झ्दिस्लावाला विचारलं. झ्दिस्लावा तिची शाळेपासूनची मैत्रीण.

"द्राहोमीरानं आणली. ती नाही का, आंब्रोझची मुलगी, शहरातून परत आलेली. त्यांच्या टेकडीवरच्या तळघरामागे झाड आहे म्हणे. गोड आहेत ना?"

"आंब्रोझचं झाड?"

"आता तू सुरू होऊ नकोस हं," झ्दिस्लावा म्हणाली. पण अपोलेना केव्हाच सुरू झाली होती.

तिचा बाप फ्लोरियान. गावातली शेतं सरकारी हुकमाने सामुदायिक करायला जिल्ह्याचे लोक आले तेव्हा सगळ्यात शेवटपर्यंत अडून बसलेला. बांधावर ओस्केरुशेचं झाड होतं, त्याच्या आज्याच्या आज्याने लावलेलं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. शेजारच्या घरातला आंब्रोझ तेव्हा ऐन पंचविशीत. तो आधीच सामुदायिक शेतीत गेलेला. हिवाळा सरता सरता, पहिल्या नांगरटीच्या आधी, माणसं करवत घेऊन बांधावर आली. करवतीच्या एका टोकाला आंब्रोझ होता. अपोलेना शाळेतून येत होती. तिने ते पाहिलं, रस्त्यावर दप्तर टाकून ती धावली, आणि आंब्रोझने मान वर करून फक्त एवढंच म्हटलं, "पोली, घरी जा."

बाप घरातच होता. खिडकीचा पडदा ओढून बसला होता. "बाबा, झाड तोडायला कुणी सांगितलं?" तिने विचारलं. तो म्हणाला, "ज्यानं सांगायचं त्यानं सांगितलं," आणि तोंड फिरवलं. त्याच वर्षी आंब्रोझला सामुदायिक शेतीचा ट्रॅक्टर चालवायला मिळाला. त्यानंतर काय विचारायचं उरलं? पोरीने दोन आणि दोन चार केले: चुगली आंब्रोझची. ती गावाबाहेरच्या बागकामाच्या शाळेत गेली, शिकली, परत आली, लग्न केलं, बापाला पोहोचवलं; पण आंब्रोझच्या दारावरून जाताना तिची मान नेहमी दुसरीकडेच वळलेली असे. चाळीसहून अधिक वर्षं. ते सरकार गेलं, जमिनी परत मिळाल्या, ती मान काही सरळ झाली नाही.

आणि आता ही बशी.

बी लावून ते झाड परत येत नाही, हे अपोलेनाला कुणी सांगायला नको होतं. ओस्केरुशेच्या बीतून येतं ते लेकरू आईसारखं निघत नाही. फळ बदलतं, चव बदलते. जसंच्या तसं हवं तर काडी घेऊन कलमच बांधावं लागतं. आणि कलमाची काडी कापतात ऐन थंडीत, झाड झोपलेलं असताना. झाड तर थंडी सरताना पडलं. म्हणजे आंब्रोझने काडी त्याआधीच कापली होती. म्हणजे झाड जाणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. आपणच आग लावायची आणि लावण्याआधी शेजाऱ्याच्या घरातली चांगली चीज उचलून ठेवायची, असला हा प्रकार. घरी जाताना तिला एक कडू समाधान वाटत होतं. इतकी वर्षं नुसता संशय होता. आता फळ हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने द्राहोमीराला गाठलं. "तुमचं झाड बघायचंय. गावातल्या झाडांची माहिती गोळा करतेय मी," ती म्हणाली. हे खोटं बोलताना तिला अजिबात लाज वाटली नाही.

द्राहोमीरा भाबडी. "या ना मावशी! बाबांना बरं वाटेल."

"त्यांना कशाला त्रास? पाय दुखतो ना त्यांचा?"

टेकडीवर द्राक्षाच्या ओळींच्या वर आंब्रोझचं तळघर होतं, गवतात अर्धं बुडालेलं. त्याच्या पाठीमागे, रस्त्यावरून कुणालाही दिसणार नाही अशा जागी, ते झाड उभं होतं. अपोलेनाच्या मनाने लगेच टिपलं: लपवायचीच जागा.

"बाबा म्हणतात, पाखरांनी बी टाकलं, आपोआप उगवलं," द्राहोमीरा म्हणाली.

"असं म्हणतात होय?"

अपोलेना खोडाभोवती फिरली. वरचं खोड जाड, खवल्याखवल्यांच्या सालीचं, जुन्या नासपतीसारखं. खालचं खोड बारीक, गुळगुळीत, राखाडी. दोन्हींच्या मध्ये छातीच्या उंचीवर फुगवटा, बारीक पायावर भारी अंग असावं तसा. मुळाशी एक फुटवा निघाला होता. तिने गुडघे टेकले, भिंग काढलं. डोळ्यावर काळपट दाट लव. येर्झाब. खाली येर्झाबाचा खुंट, वर ओस्केरुशा. पाखरं कलम बांधत नाहीत.

आणि छातीच्या उंचीवर! सगळा मुलूख कलम बांधतो जमिनीलगत. उंचावर बांधायचा तो तिचा बाप, ससे साल कुरतडतात म्हणून. याने झाड चोरलं ते चोरलं, बापाची रीतसुद्धा चोरली.

"छान आहे झाड," ती उठत म्हणाली. तिने भिंग खिशात टाकलं. "चल, तुझ्या बापाला भेटते."

आंब्रोझ स्वयंपाकघरात खिडकीशी बसला होता. पाय स्टुलावर. दारात अपोलेना दिसल्यावर त्याने टोपी काढली आणि परत घातली.

"द्राहोमीरा, पोरी, कोंबड्यांना बघून ये जरा," तो म्हणाला.

"बघितलंय की, बाबा."

"परत बघ."

ती गेली. अपोलेना बसली नाही.

"झाड कुठून आणलंस?"

"कुठलं झाड?"

"आंब्रोझकाका, मी रोपवाटिकेत हाडं झिजवलीत. मला बनवू नकोस."

"पाखरं..."

"पाखरांचं नाव काढशील तर त्या स्टुलावरचा पाय खाली पाडीन. येर्झाबावर कलम आहे. माझ्या बापाच्या झाडाचं कलम. थंडीत काडी कापलीस. झाड जाणार हे तुला ठाऊक होतं, कारण तूच ते जिल्ह्याच्या लोकांना दाखवून दिलंस. ट्रॅक्टर असाच मिळाला का तुला?"

आंब्रोझने खिडकीबाहेर पाहिलं. "ट्रॅक्टर मिळाला कारण गावात दुसऱ्या कुणाला गिअर टाकता येत नव्हता," तो म्हणाला. "आणि झाड मी नाही दाखवून दिलं. तुझ्या बापानं दिलं."

"खबरदार!"

"तू विचारलंस म्हणून सांगतोय."

"मेलेल्या माणसावर ढकलायला काय लागतं? तो काही उठून सांगायला येत नाही."

"नाही येत," आंब्रोझ म्हणाला. "तो जिवंत असतानाही सांगायला आला नसता. ऐक. तुला बागकामाच्या शाळेत जायचं होतं. पोरींत हुशार होतीस. पण शेत न देणाऱ्याच्या पोरांना शाळा बंद होती, हे तुला ठाऊक होतं की नाही?"

मला माझ्या गुणांवर घेतलं, हे वाक्य अपोलेनाच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. तिच्याच वर्गातली गिरणीवाल्याची पोरगी तिच्याहून हुशार होती. ती विटांच्या भट्टीवर कामाला गेली होती.

"जिल्ह्याचे लोक म्हणाले, शेत दे, बांध मोडू दे, पोरीचं बघू. बांध मोडायचा म्हणजे झाड जाणार. फ्लोरियान हो म्हणाला. नाताळच्या आधी. मग माझ्याकडे आला. म्हणाला, तू करवतीला राहा. दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मला बघवायचा नाही. आणि म्हणाला, तुझ्या तळघरामागे तो येर्झाब आहे, तो मला दे."

"त्यानं कलम बांधलं?"

"मग काय मी बांधलं? पोली, जरा आठवून बघ. माझ्या हातचं कलम या गावात कधी जगलंय का?"

हे मात्र खरं होतं. आंब्रोझने बांधलेल्या आलुबुखाऱ्याच्या कलमांवर गावाने वर्षानुवर्षं विनोद केले होते. त्याने हात लावला की काडी वाळायची. अपोलेनाला छातीच्या उंचीवरचा तो फुगवटा आठवला. मघाशी तिने मनात त्याला चोरी म्हटलं होतं.

तरीही ती तशी बधणारी नव्हती. "मग बाबा गेल्यावर का नाही बोललास? शपथ घातली होती म्हणशील."

"घातली होती. म्हणाला, पोरीला कळलं तर ती शाळा सोडून येईल, तू तिचा स्वभाव ओळखतोस. पण नुसती शपथ नाही." तो अडखळला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला ते झाड आवडायला लागलं होतं. बायको गेली, पोरगी शहरात. मी वर जाऊन त्याच्याखाली बसायचो. वाटायचं, हिला कळलं तर ही येईल, म्हणेल माझं आहे. म्हणून तू मला चुगलखोर समजत राहिलीस ते मी चालवून घेतलं. स्वस्त पडलं मला ते."

अपोलेना खुर्चीवर बसली. आतापर्यंत आंब्रोझने जे जे सांगितलं होतं, त्यात तो भला माणूस ठरत होता. आणि स्वतःला भला ठरवणाऱ्या माणसावर तिचा कधीच विश्वास बसत नसे. ही शेवटची गोष्ट मात्र कुणी उगाच सांगणार नाही. तिला त्याच क्षणी कळलं, की बाकीचंही सगळं खरं आहे.

ज्या शिक्षणाच्या जोरावर तिने त्याला पकडलं होतं, त्याच शिक्षणासाठी झाड गेलं होतं. तिने खिशातलं भिंग चाचपलं आणि हात झटकन बाहेर काढला.

"मी तुला काय काय म्हणाले असेन गावभर," ती म्हणाली.

"डुक्कर म्हणालीस. आणखी एक म्हणालीस, ते द्राहोमीरा दाराबाहेर असताना सांगता येत नाही."

ती हसली नाही, पण उठून तिने त्याच्या स्टुलावर उशी नीट सरकवली आणि निघाली.

त्या शरदात पितरांच्या दिवशी अपोलेना बापाच्या थडग्यावर गेली नाही. सगळं गाव मेणबत्त्या घेऊन गेलं. फ्लोरियानच्या दगडावर तेवढी एकही नव्हती. ती घरी खिडकीशी बसून राहिली. रागावली होती ती. आपल्याला न विचारता आपल्यासाठी एवढं देऊन टाकायचं, आणि वर शेजाऱ्याला बळी द्यायचं. मी नको म्हटलं असतं, ती स्वतःशीच म्हणाली. मग प्रामाणिकपणे विचार केला, तेव्हा नको म्हटलं असतं याची तिला खात्री वाटेना. चौदा वर्षांची पोर, शाळेच्या नावाने वेडी झालेली. कदाचित तिने झाडाकडे बघून घेतलं असतं आणि होच म्हटलं असतं. बापाला ते कळलं होतं का, म्हणून त्याने विचारलंच नाही? यावर तिला कधी उत्तर मिळालं नाही. नाताळच्या आदल्या दिवशी मात्र ती बर्फातून गेली, दगडावरचा बर्फ मफलरने झाडला, मेणबत्ती लावली आणि मोठ्याने म्हणाली, "सांगायचं होतं मला." मग आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं नाही ना म्हणून.

कडाक्याच्या थंडीत ती टेकडीवर गेली. आंब्रोझही आला. द्राहोमीराने त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्चीवर बसवून आणलं होतं, घोंगडीत गुंडाळून.

"ती फांदी घे, ती बरी आहे," तो खालून ओरडला.

"तू गप्प बैस. तू बोट दाखवलंस तरी काडी वाळेल."

खुंट थकला होता. फुगवट्याखाली साल फाटू लागली होती. येर्झाबाच्या पायावर ओस्केरुशेने इतकी वर्षं काढली हेच नवल. अपोलेनाने काड्या कापल्या, ओल्या फडक्यात बांधल्या, आणि वसंतात स्वतःच्या परसात ओस्केरुशेच्याच रोपांवर बांधल्या. सगळ्या जगल्या नाहीत. ज्या जगल्या त्यातलं एक रोप तिने आंब्रोझच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावलं. म्हणजे टेकडी चढायला नको.

गावाला हे दिसल्याशिवाय कसं राहील? चाळीस वर्षं ज्याच्या दारावरून मान फिरवून गेली, त्याच्याच अंगणात ही आता कुदळ घेऊन उभी! पावरोटीच्या दुकानात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याच्या तळघरावर डोळा आहे. कुणी म्हणालं, द्राक्षमळ्यावर. कुणी त्याहूनही पुढे गेलं.

शेवटी झ्दिस्लावा तिच्याकडे कॉफीला आली आणि साखर ढवळता ढवळता म्हणाली, "मला तरी सांग. तुझ्या बापाचं झाड तोडणारा माणूस. त्यानं तुला असं काय सांगितलं?"

अपोलेनाने तिच्या पुढ्यात कोलाचाची बशी सरकवली. खरं सांगितलं तर बाप गावाच्या तोंडी गेला असता; त्यापेक्षा ही कुजबुज स्वस्त होती.

"काही नाही. झाडांबद्दल बोलतो आम्ही."

"अपोलेना, मी तुला शाळेपासून ओळखते. तू काहीतरी लपवतेस."

"हो का?" अपोलेना म्हणाली. "मग तुझी तू शोधून काढ."

झ्दिस्लावा डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिली. अपोलेनाने कॉफीचा घोट घेतला आणि बाहेर कोंबड्या कशाला ओरडतायत ते बघायला उठली.